वीज परत आल्यावर

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये वीज जाते
तेव्हा माग नुसते मुके होतात.
खरं नुकसान ती येते तेव्हा.
बटण बंद करायला कुणी विसरलेलं असतं,
चोवीसचे चोवीस एका दमात दचकतात
आणि ताण्यातले धागे तटातट जातात.
नायना जॉबर. म्हणायचा,
"गेल्याचं काही नाही रे, आल्याचा हिशेब दे."

हृदयाचंही तसंच, हे मला कळलं
रक्ताच्या नळ्या फिरवायच्या नोकरीत.
गुठळी अडते, एक कोपरा उपाशी राहतो.
मग तार घालून वाट मोकळी करतात,
आणि रक्त येतं ते असं लोंढ्यानं
की उपाशी तगलेल्या पेशी
भरल्या ताटावर मरतात.

अशा वेळी चरबी पत्र लिहिते म्हणे.
हो, चरबीच. हत्तुरे मॅडमनी रात्रपाळीत सांगितलं,
उंदरांत पाहिलंय म्हणाल्या.
ॲडिपोनेक्टिन.
चाटी गल्लीत हे नाव घ्या, विचारतील, कुठल्या मिलचं?
ते रक्तातून हृदयाशी जातं, सांगतं,
दम धर. भडकू नको.
सगळे माग एकदम चालू करू नको.

आणि खोच अशी, की चरबी वाढते
तशी पत्रं कमी होतात.
गोदाम खच्चून भरलं
की दिवाणजी लिहायचंच सोडतो.

अम्मा कांड्या भरता भरता
बसल्या जागी रुंद झाली.
भूदेवी नाव, गल्लीत "मोठी भूदेवी".
नायना चिपाड. चारचौघांत म्हणायचा,
"माझी सगळी मजुरी हिच्या अंगावर आहे बघा."
ती हसायची, शेंगाचटणीत
कडक भाकरीचा तुकडा मोडायची.

एप्रिलात, भर दुपारी,
मांडीवर अर्धी कांडी, ती कलंडली.
वाट मोकळी झाली त्याच मिनिटाला
पडद्यावरची हिरवी रेघ
तुटली, गाठ बसली, पुन्हा तुटली.
मी काचेबाहेर मोजत होतो. काय, ते आठवत नाही.
मग कुणीतरी सांधणी करावी
तशी ती हळूहळू एकसारखी झाली.

बाकावर नायनानं विचारलं,
"चरबीनंच केलं ना हे?"
माझ्या खिशात तिच्या रक्ताची नळी, अजून कोमट.
ती तपासणी आपल्याकडे होत नाही.
केलं असेल, म्हटलं.
थोडं तिनंच वाचवलंही असेल.
कुणी मोजलेलं नाही.

तो आत गेला. तिच्या दंडाची सैल वळी
अंगठा आणि बोटात धरली,
चादरीची वीण बघतो तशी,
उजेडाकडे जरा तिरपी.
बराच वेळ दोष सापडेना.

मग म्हणाला,
कुणी विचारलं नव्हतं तरी,
"निघताना बटण बंद केलं होतं मी."