दुसऱ्या मालकाची वही

खोब्रागडे साहेबांनी किल्ली दिली
आणि सोबत एक वही,
पाटबंधारे खात्याची, पुठ्ठ्यावर तेलाचा अंगठा.
म्हणाले, लिहीत जा.
गाडी नंतर कबूल करत नाही.

त्र्याऐंशी हजार किलोमीटर त्यांचे,
बारीक, उभट अक्षरात:
‘११ सप्टेंबर. पवनीच्या अलीकडे, कालव्याच्या पाळीवर
काळी माती. चारही चाकं लागली. निघालो.’
एवढंच.

आम्ही इतवारीतली माणसं.
गल्लीत शिरताना आरसे मिटावे लागतात,
कुणाची तरी सायकल उचलून ओट्यावर ठेवावी लागते.
सासरे गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले,
‘चारी चाकानं ओढते, बरं.
पण ओढून नेते कुठं?
बुटीबोरीवरी तं परातीसारखा सपाट रस्ता हाय.’

प्रभाकर चालवायचा, मी लिहायचे.
डिझेल. डिझेल.
मे, सेहेचाळीस डिग्री, सदरच्या सिग्नलवर बॅटरी मेली;
मागच्याने आधी हॉर्न वाजवला,
मग उतरून ढकलायला आला.
डॅशबोर्डला तडा, बोटभर.
पुढच्या उन्हाळ्यात वीतभर.
उंदीर, अठराशे रुपये.
शहरात नऊचं ॲव्हरेज, कुणाला सांगायचं नाही.
मागच्या सीटवर संत्र्याच्या सालीचा वास,
डिसेंबर संपला तरी.

काटोल रोडला एक टायर फुटला.
वाडी नाक्याचा रोशन गेडाम म्हणाला,
‘एक नाही चालत, ताई. चारी बदला.
तीन झिजलेले अन् एक नवा असला
का आतल्या कपलिंगले वाटते गाडी वळूनच राहिली.
थे झगडत राहते. मंग जळते.’
बेचाळीस हजार.
प्रभाकरने दोन दिवस अबोला धरला,
तिसऱ्या दिवशी चेकवर सही केली,
आणि संध्याकाळी आम्हाला फुटाळ्याला नेलं
नव्या टायरांचा आवाज ऐकायला.
आवाज काहीच नव्हता.

मग वहीत सात महिन्यांची कोरी जागा.
त्यानंतर माझंच अक्षर, पण थोडं मोठं:
‘१९ मार्च. १,४१,२०६. बॅटरी नवी टाकून सुरू केली.’
सीट त्याच्या उंचीला मागे सरकलेली होती.
पाय क्लचला पोचेनात.
तशीच बसून राहिले थोडा वेळ.
ते लिहिलेलं नाही.

मुलीला कुहीच्या पुढे पशुवैद्यकात नोकरी लागली.
गणपती उठले त्या आठवड्यात
तिचं सामान घेऊन निघाले,
गॅसची शेगडी, दोन खुर्च्या, औषधांचा खोका.
धानाच्या बांधीजवळ रस्ता संपला
आणि काळी माती सुरू झाली.
पुढची चाकं नुसतीच फिरली, चिखल काचेवर आला.
मुलगी म्हणाली, आई, सोड, मी उतरते.
तेवढ्यात मागून एक धक्का,
जड, सावकाश,
कुणी खांदा लावावा तसा.
मी आरशात पाहिलं.
रस्ता, बाभूळ, एक म्हैस.

रोशन गेडाम यंदा म्हणाला,
‘कपलिंग गेलं नं. मागचा शाफ्ट काढून टाकू का?
पुढच्या दोन चाकांवर मस्त चालते.
नागपुरात कायले पाहिजे तुमाले चारी?’
हिशेब त्याचा बरोबर होता.
दुरुस्ती अडुसष्ट हजार, गाडी विकली तर दीड लाख,
पंधरा वर्षं भरत आली, पुढे आरटीओच्या खेपा,
आणि माझ्या पेन्शनीत असली हौस बसत नाही.
मी म्हटलं, बसव.
त्यानं कायले म्हणून विचारलं नाही.

रात्री खोब्रागडे साहेबांचा फोन आला.
दिघोरीला मुलाकडे असतात, एका डोळ्याने दिसत नाही,
दिवाळीच्या आसपास एकदा करतातच.
माझी चौकशी नंतर. आधी,
‘आकडा किती?’
दोन लाख आठ हजार, मी म्हटलं.
पलीकडे बराच वेळ टीव्हीचा आवाज.
‘कुठं अडली होती का मध्ये?’
कुहीकडे. काळ्या मातीत.
‘मग?’

वही मांडीवर होती, पान उघडं नव्हतं.
चारही चाकं लागली, मी म्हटलं.
निघालो.