वाटा

मनगटावर निळा पट्टा. म्हणजे सगळं फुकट,
म्हणजे सगळ्याचे पैसे आधीच गेलेले.

बुफेच्या टोकाशी एस्मंड, हातात चिमटा.
मी यादी सांगते: मांस नको, मासे नको,
अंडं, लोणी, दूध, चीज, मध...
मधसुद्धा?
चिमटा हवेतच थांबतो.
मधमाशीनं तुमचं काय घोडं मारलंय,
असंच काहीसं तो त्याच्या इंग्रजीत म्हणाला.
(माझ्या भाषेत घोडीही अशी विनाकारण मरतात.)

मग काकडी.
दुसऱ्या दिवशी काकडी, वर अननसाचं फूल कोरलेलं.
तिसऱ्या दिवशी एस्मंड लांबूनच हात करतो,
"काकडी मॅडम!"
शेजारच्या टेबलावरचं जर्मन जोडपं
माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघतं.
समोर पेलिकन पंख मिटून दगडासारखा पडतो पाण्यात,
चोच वर करून गिळतो,
त्याला कुणी काही विचारत नाही.

चौथ्या दुपारी वाट चुकले
आणि भटारखान्याच्या मागे पोचले.
विटांच्या चुलीवर नीरफणस, अख्खा, काळाठिक्कर भाजलेला.
शेजारी पातेल्यात अळूची पानं नारळाच्या दुधात रटरटत होती.
अळू! एवढ्या समुद्रांपलीकडे!
व्हर्लिननं पळी आडवी धरली.
"हे पाहुण्यांचं नाही. कामगारांचं आहे."
मग माझ्या तोंडाकडे बघून उलटं घमेलं पुढे सरकवलं, बस म्हणाली.

मी दोनदा मागून घेतलं.
ती फणसाचं साल सोलत होती, बोटं न भाजता.
म्हणाली, हे झाड इथलं नव्हे.
जहाजातून आणलं मळेवाल्यांनी,
गुलामांची पोटं स्वस्तात भरावीत म्हणून.
आणि आमच्या लोकांनी काय केलं सुरुवातीला?
खाल्लंच नाही. डुकरांना घातलं.
"नको म्हणायला तेवढीच एक जागा होती त्यांना."
ती हसली. मी माझ्या निळ्या पट्ट्याशी चाळा करत राहिले.
माझ्या नको-नकोची यादी छापील आहे, रंगीत,
विमानात चढण्याआधी ईमेलनं पाठवलेली.

रविवारी पहाटे शंख वाजला.
पूजेचा नव्हे. मासळी आल्याचा.
किनाऱ्यावर रापण पडली होती,
दोन दोर, दोन रांगा, गुडघाभर पाण्यात सगळा गाव,
शाळकरी पोरं, एस्मंड टोपीशिवाय, टक्कल चमकवत.
म्हातारा आल्फर्ड मोजत होता, ओढ, थांब, ओढ.
माझ्याकडे न बघताच म्हणाला,
रिकामे हात घेऊन काय उभी?

आता सांगा, काय करायचं होतं मी?
तत्त्व सांगायचं? पाण्यात उभं राहून?
धरला दोर.
तळहात सोलवटले. मीठ झोंबलं.
पुढच्या बाईची टाच आणि दोर, दोर आणि टाच,
आणि लाज वाटते सांगायला, पण आनंद झाला,
इतक्या माणसांच्या तालात ओढण्याचा.

जाळं वाळूवर आलं. चांदीचा कल्लोळ.
एक लहानसा पाकट आल्फर्डनं उचलून परत पाण्यात सोडला.
बाकी सगळ्यांची वाटणी.
ओढणाऱ्याला वाटा, हा इथला नियम.
माझ्या ओंजळीत एक मासा ठेवला त्यानं.
नको म्हटलं असतं तर कुणी रागावलं नसतं,
फक्त मोजणी चुकली असती.

कल्ले उघडत होते. मिटत होते.
डोळ्यात आकाश होतं की मी, कळलं नाही.
किती वेळ धरला, तेही नाही.
मग व्हर्लिनच्या बादलीत ठेवला, हळूच,
जणू आता हळू असण्याला काही अर्थ होता.
तिनं आभार मानले नाहीत.

रात्री आईचा फोन. तिकडे सकाळ, मागे कुकरच्या शिट्ट्या.
चार वर्षं तिला नीट सांगितलेलं नाही मी काय सोडलंय ते.
"मासळी मिळते का गं तिथे?"
"एक मिळाला आज."
हाताला अजून वास होता. साबणाची वडी तशीच, कागदात.
"ताजा होता?"
"जिवंत होता," मी म्हणाले.