चव

मुहर्रकला, निळ्या दाराच्या आत
अब्दुन्नबी बसतो. जानेवारी, पायाशी हीटर.
पुढ्यात लाल कापड, पितळेच्या चाळण्या एकात एक,
आणि उत्तरेची खिडकी.
दुसऱ्या उजेडात तो मोती बघत नाही.

मी रुमालाची गाठ सोडली.
नथ सासूबाईंची, त्याआधी त्यांच्या सासूची,
गडहिंग्लजहून माझ्या पर्समधून आलेली.
कस्टमवाल्याने दोन बोटांत धरून विचारलं होतं, हे काय?
नाक, म्हटलं मी. आणि लावून दाखवलं.

काम साधं. गुरुवारी शाल्मलीचं लग्न,
मुलगा कोट्टयमचा, मनामाला हॉटेलात हॉल घेतलाय.
हिचं नाक टोचलेलं नाही.
शाळेत चिडवतील म्हणाली होती, आणि मी ऐकलं होतं.
तेव्हा नथीला आता चाप हवा.
सोनार म्हणाला, चाप मी बसवतो,
पण तार जुनी आहे, मोती सुटतील,
आधी म्हाताऱ्याला दाखवून आणा.

त्याने तार उलगडली. सात मोती कापडावर.
तो उचलत नाही, नखाने ढकलतो,
गडगडताना बघतो.
"ये हमारा. पानी है अभी."
"ये भी हमारा."
हिंदी मुंबईची, आजोबांकडून आलेली;
ते हिवाळाभर तिथे राहायचे, मोती विकत.
त्यांच्या वहीत मोत्याचं माप लिहिलंय: चव.
मी म्हटलं, आमच्याकडे चव जिभेला असते.
"इसको भी है," तो म्हणाला, "नमक."

सातवा त्याने दातावर घासला.
परत घासला.
"ये प्लास्टिक."

रात्री व्हिडिओवर सासूबाईंना विचारलं.
त्यांनी फोन छताकडे फिरवला.
पंखा दिसत राहिला, आवाज आला,
डिंकाचे लाडू कुणाबरोबर पाठवू?

मग ह्यांना आठवलं. ब्याण्णव साल,
एजंटाला चार हजार कमी पडत होते,
आणि आई एका सकाळी एसटीने कोल्हापूरला गेली,
अंबाबाईची ओटी भरायची म्हणून.
संध्याकाळी परत आली तेव्हा
खण आणि नारळ पिशवीत तसेच.
तो नारळ फोडून मीच खाल्ला, हे म्हणाले,
आणि गॅलरीत गेले.
तिथून समुद्र दिसायचा पूर्वी. आता भराव, क्रेन,
आणि भरावाच्या पलीकडे एक करडी रेघ.

अब्दुन्नबीकडे जोडीचा मोती होता.
किंमत तो बोलला नाही, कागदावर लिहिली.
नाकापेक्षा मोती जड, एवढंच मला सुचलं,
तेही मराठीत. कागद घडी घालून परत दिला.
"तो यही वापस?"
हाच.

चाप म्हणजे काय, त्याला कळेना.
मी नाक चिमटीत धरून दाखवलं
तसा तो उठला, गुडघ्यावर हात टेकत,
आणि खणातून काढून आणला
शिंगाचा चिमटा, काळा पडलेला, दोऱ्यात ओवलेला.
बापाचा. बुडी मारताना नाकाला लावायचा.
दिवसाला पन्नास बुड्या, पोटात चार खजूर,
पोट भरलेलं असलं की श्वास पुरत नाही.
त्याने तो स्वतःच्या नाकाला लावला
आणि त्या दाबलेल्या, लहान मुलासारख्या आवाजात
आकडे मोजायला लागला.
साठाच्या पुढे गेला.
मी रुमाल कधी परत गाठला, आठवत नाही.

गुरुवार. हिरवा चुडा, मुंडावळ्या,
शाल्मली एका बोटाने नथ वर धरून
स्ट्रॉने लबन पितेय.
फोटोत सगळ्यांत जास्त चमकतो तो प्लास्टिकचा मोती.
त्यांच्याकडच्या एक काकू जवळ येऊन नेमकं त्यालाच म्हणाल्या,
किती सुंदर, जुना असणार.
असेल की. तीस वर्षं झाली.

आई, चाप फार घट्ट आहे, श्वास घेता येत नाही,
ती नाकात बोलली.
भटजी हाका मारत होते, मामा पुढे झाला.
दम धर, म्हटलं मी.

आणि तिने खरंच धरला,
अंतरपाट सरेपर्यंत.