साचा सतरा

मारिन्या ग्रांदमधली रात्रपाळी म्हणजे
पांढऱ्या उजेडापुढे बसायचं
आणि काकवीच्या रंगाच्या बाटल्या
एकामागून एक जाऊ द्यायच्या.
उजेड औषधाला खातो, म्हणून हा रंग.
एवढं बाबांनी शिकवलं होतं,
ते नळीतून फुंकून काच फुगवायचे तेव्हा.
आता यंत्र फुंकतं. मी नुसती बघते.
मानेशी केसाएवढी चीर,
बुडाशी बुडबुडा,
काठावर कणभर खरखर,
की टिचकी, आणि ती खोक्यात,
पुन्हा वितळायला.

सकाळी आईचा फोन.
"तुमची ती टोपणं कुणाच्या डोक्यातून निघाली?
दाबा आणि फिरवा म्हणे. दाबू कशानं?"
तिची बोटं आल्याच्या गाठींसारखी झालीत.
टोपण टकटक करत गोल फिरतं,
उघडत नाही.
शेवटी शेजारच्या ओतिलियाकडून उघडून घेतलं
आणि तसंच ठेवलं,
वर नुसतं टेकवून.

रविवारी गेले
तर बेन्तू खुर्चीवर चढलेला,
माझा भाचा, साडेतीन वर्षांचा,
हातात बाटली, तिचा खुळखुळा केलेला.
टोपण जमिनीवर.

मी ओरडले नाही.
गोळ्या टेबलावर ओतल्या, मोजल्या.
सव्वीस.
हव्या होत्या सव्वीस.
पुन्हा मोजल्या.
त्याचं तोंड उघडून पाहिलं:
अंजिराच्या बिया, बाकी काही नाही.

जेवण त्या दिवशी फार उशिरा झालं.

मग टोपण घट्ट लावलं,
बाटली उलटी करून
रबरी हातमोज्यावर उभी केली.
"बोटं विसर, आई. तळवा ठेव.
पावाची कणीक तिंबताना टाकतेस
तसा अंगाचा भार टाक, आणि वळव."
टकटक थांबली.
आत काहीतरी बसलं, आणि सुटलं.
तशीच धरून सुलटी केली
तर टोपण अलगद हातात.
बेन्तूनंही करून पाहिलं, जीभ बाहेर काढून.
चौदा किलो.
टोपण ढिम्म.

आईला आता नादच लागला.
पुन्हा लावलं, पुन्हा उलटी केली,
आणि चष्मा चढवून बुडावरचा आकडा वाचला.
"सतरा. तुमच्याकडचाच ना हा साचा?"
हो म्हटलं.
"मग ही तू पाहिली असशील."

एका रात्रीत किती जातात, आई.
लक्षात राहतात त्या
फक्त मी बाजूला काढलेल्या.
ही आठवत नाही,
म्हणजे ठीक असणार.