अठरा बाय चोवीस

बँकेच्या पॅनेलवर माझं नाव आहे.
बॅगेत लेझर मीटर असतो, तरी टेप सोडलेला नाही.
टेप दिसला की लोकांना बरं वाटतं,
घर खरंच कुणीतरी मोजतंय असं.

सोमवारी विश्रामबागेत होतो,
बुधवारी नाल्याच्या त्या अंगाला,
जिथे यायला रिक्षावाला दहा रुपये जास्त मागतो.
दोन्ही घरं हणमा गवंड्याच्या हातची.
एकाच भट्टीची वीट, एकाच उन्हाळ्यातला स्लॅब,
सातशे वीस चौरस फूट. इथे तर खिडकी एक जास्तच.
कृष्णेचं पाणी दोन्ही उंबऱ्यांना शिवलं नव्हतं.

सुलभा होवाळ, सिव्हिलला सिस्टर.
पोरीच्या फिजिओथेरपीच्या फीसाठी घर तारण.
"पाण्याला प्रेशर चांगलं आहे हं, तेवढं लिहा."
बिस्किटाचा पुडा माझ्यासमोर फोडला.
भिंतीला मात्र पाठ लावून उभ्या राहिल्या,
सरकेनात.

त्या वाकल्या कप उचलायला तेव्हा दिसला
चौकोन.
सगळी भिंत उन्हाने, उदबत्तीने पिवळट,
तेवढी जागा नव्या खडूसारखी.
वर खिळा.
सकाळीच उतरवला असणार.

दिवाळीत मामेभावाचा फोन होता, ओहायोहून.
शेजारच्या टॉलिव्हरबाई काळ्या.
घराची किंमत ठरवायला माणूस यायचा म्हणून
आजीपासून नातवापर्यंत सगळे फोटो खाली काढले,
डोक्याला लावायचं तेलसुद्धा लपवलं,
आणि ऑफिसातली एक गोरी मैत्रीण
घरमालकीण म्हणून सोफ्यावर बसवली.
आधीच्या वेळेपेक्षा किंमत केवढीतरी वर गेली.
तो हसत सांगत होता.
हसून झाल्यावर म्हणाला, तुझं काय, बरं चाललंय ना?
मी म्हटलं, बरंय.

माझ्याकडे तो फोटो आतल्या खोलीत आहे.
हॉलमध्ये स्वित्झर्लंड.

फॉर्ममध्ये एक रकाना असतो: परिसराचे स्वरूप.
त्याखाली: मागणी.
त्याखाली: लगतचे खरेदी-विक्री व्यवहार.
इथे लगतचा व्यवहार म्हणजे
थोरल्याने धाकट्याला दिलेली खोली.
बाहेरचं कुणी घेत नाही म्हणून भाव नाही,
भाव नाही म्हणून बाहेरचं कुणी घेत नाही.
सुलभाबाईंच्या आज्याने पोटासाठी गाव राबला,
त्याची जमीन उताऱ्यावर अजून वर्ग दोन.
विकायची तर साहेबाची परवानगी, वर नजराणा.
विश्रामबागेतल्या घराला तसलीच जमीन विकून
पाया घातला होता,
फक्त तिला कुणाला विचारावं लागलं नाही.

तिकडे एक्केचाळीस लाख.
इकडे कॉम्प्युटर म्हणतो एकोणीस.
मधले बावीस कुठे आहेत ते मी शोधलं.
विटेत नाहीत. सळईत नाहीत.
परतताना पुलावर थांबून नाला मोजला,
अकरा फूट.
म्हणजे फुटाला दोन लाख.
अख्ख्या सांगलीत इतकी महाग जागा नाही,
आणि तिच्यातून नुसतं गटाराचं पाणी वाहतं.

पण निघायच्या आधी
मी तो चौकोनही मोजला होता.
"तो कशाला, सर?"
"सवय."
त्यांनी टेप बघितला, मग मला.
"आडनाव काय म्हणालात तुम्ही?"
म्हणालो नव्हतो.
सांगितलं.
गावही सांगितलं, आणि गावात घर
कुठल्या बाजूला, तेही.
त्या काहीच बोलल्या नाहीत.
मी गेटची कडी लावत होतो
तेव्हा आतून स्टूल ओढल्याचा आवाज आला.

अहवालात मी एकोणीसच लिहिले.
वेगळा आकडा टाकला की बँक विचारते, आधार काय.
आधार टिपणवहीत आहे,
अठरा बाय चोवीस,
खिळ्यासकट.