उतारवय

एकशेचोवीस भंगारात निघाली तेव्हा
तिच्या पुढच्या दोन डिस्क, कॅलिपरसकट,
मी आबोयला न विचारता उचलल्या.
आठवडाभर तो बोलला नाही.
मग म्हणाला, "एकसष्ट सालची गाडी आहे. तिला ड्रमच शोभतात."
शोभा कोण बघतंय, मी म्हटलं,
अस्मारापासून मस्सावापर्यंत रस्ता नुसता खाली जातो,
ढगांतून निघून पार समुद्रात पाय बुडवेपर्यंत,
आणि तुझा उजवा पाय हल्ली
पेडलवर पोचायला वेळ घेतो.

हे शेवटचं मी म्हटलं नाही.

मेब्राहतूने दोन ब्रॅकेट कापून दिली, बारा मिलिमीटर जाड.
एक चुकलं, अर्ध्या मिलिमीटरने,
डिस्क कॅलिपरला घासून किरकिरायची.
त्याने ते पुन्हा केलं, पैसे मागितले नाहीत.
मास्टर सिलिंडर मोठा. नळ्या नव्या.
आणि जुन्या सिलिंडरच्या तोंडाशी एक बारीक व्हॉल्व्ह,
ड्रमसाठी नळीत थोडा दाब धरून ठेवणारा,
पाय काढला तरी.
तो काढून टाकावा लागतो,
नाहीतर डिस्क पुरती सुटतच नाही,
चाक कुढत राहतं आतल्या आत.
आबोयच्या तळहातावर ठेवला. हरभऱ्याएवढा.
"हा इतकी वर्षं आत होता?"
हो.
त्याने तो शर्टाच्या खिशात टाकला.

मागचे कमानपाटे उतरवले तेव्हा
पानापानांतून माती निघाली,
केरेनची तांबडी, किनाऱ्याची पांढरट, खारी,
आणि मधे एक काळा थर, ज्याबद्दल
दोघंही काही बोललो नाही.
घासले. ग्रीस लावलं. एक पान नवं घातलं.
शॉक बसवून झाल्यावर
आबोयने मडगार्डवर सगळा भार टाकून गाडी दाबली:
खाली, वर, आणि गप्प.
पूर्वी ती चार-पाच वेळा वाकत राहायची,
लग्नघरातल्या यजमानासारखी.
त्याला ते आवडत असावं.

रविवारी उतरलो. चालवत मी होते.
अर्बारोबाला धुकं फाटलं.
तो शेजारी बसून दर वळणाला
पायाखालच्या पत्र्यात उजवी टाच रोवत होता,
नाक वर करून, वास घेत.
जळक्या लायनिंगचा तो वास,
ज्याने त्याला चाळीस वर्षं बजावलं होतं,
आता पुरे, आता थांब.
काही आला नाही. ओली माती, निवडुंगाची पिकली बोंडं,
बस्स.

नेफासितला म्हणाला, "थांब. तापले असतील."
मी थांबवली. तो उतरला, वाकला,
रिमला बोटं टेकवली, चटकन मागे घेतली,
त्यांच्यावर फुंकर मारली.
"तापलेत. अर्धा तास तरी जाईल."
त्याची पाठ वळल्यावर मीही हात लावला.
विसरून राहिलेल्या चहाइतकं कोमट.

रस्त्याकडेला लेमलेमची कॉफीची टपरी,
तीन स्टुलं, त्यातलं एक कायम रिकामं ठेवलेलं.
आबोयने डिकी उघडून
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड काढलं.
जुना ड्रम. चकचकीत घासलेला,
खाली तीन पाय वेल्ड केलेले.
मेब्राहतू सामील होता तर.

लेमलेमने काही विचारलं नाही.
त्यात कोळसे घातले, विझू नयेत म्हणून
पुठ्ठ्याने वारा घातला, वर मातीचा जबना ठेवला.
"तापू दे आता, हवा तेवढा," आबोय म्हणाला.
तिला म्हणाला की ड्रमला, कळलं नाही.

मी परत गाडीत जाऊन बसले,
पेडल दोनदा दाबून पाहिलं. घट्ट.
समुद्रापर्यंत कितीतरी वळणं बाकी होती,
आणि इथली कॉफी तीनदा उकळते,
तिसरा कप झाल्याशिवाय
कोणी उठत नाही.