आधीची वेलांटी

नौपाड्यात, शेजवलकर बाईंच्या टायपिंग क्लासात
वेलांटी आधी यायची.
दि उमटवायचा तर पहिल्यांदा नुसती कमान,
मग तिच्या आत द.
बाई टेबलावर पट्टी आपटत म्हणायच्या,
छप्पर घाला आधी, माणूस येईल मागून.
मिनिटाला तीस शब्द,
आणि रबराने भोक पडलेले कागद
मी घरी न्यायचे, लपवून.

मग बेलापुरात, कोकण भवनात, संगणक आले
आणि वेलांटी मागे गेली.
कळ तीच. डाव्या तर्जनीखालची,
जिच्यावर बारीक उंचवटा असतो.
बोट तेच, कळ तीच,
फक्त माणूस आधी, छप्पर नंतर.
एवढंसं कळायला मला दोन दिवाळ्या लागल्या.
अजूनही घाईत
बोट आधी पळतं.

मुलगा म्हणतो, मोबाइलवर बघ, बोलतेस तसं लिही.
इंग्रजी अक्षरांनी दिवाळे लिहिलं,
त्याने वाचलं दिवाले.
ळ हवा तर एल मोठा काढ, आई.
मी त्या यंत्राला अडाणी म्हटलं.

परवा दिवाळे गावातून चिमणाबाई कोळी आल्या,
वारसाच्या कागदासाठी, चौथ्यांदा.
जुन्या फाइलींतली नावं कुणीतरी
नव्या फाँटात ओतली होती घाऊक,
आणि पडद्यावर
िचमणाबाई कोळी, मु. िदवाळे.
वेलांटी दारातच उभी,
हात टाकायला ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ.

"बाय, यो गोल कसला गो?"
काय सांगू? माझ्याच पिढीच्या हातांचा तो.
आम्ही छप्पर घातलं,
माणूस आत आलाच नाही.

"नाव सांगा पुन्हा."
"चिमनाबाय. दिवाल्याची."

ण नाही, ळ नाही.
साठ-सत्तर वर्षं त्या हेच बोलत असणार
खाडीच्या काठाला, मासळीच्या टोपलीपाशी,
आणि कुणी त्यांना शिफ्ट दाबायला सांगितलं नव्हतं.

मी वेलांटी खोडली. च दाबला, मग वेलांटी.
वर्तुळ गेलं.
दिवाळेशी आल्यावर करंगळी शिफ्टवर थांबली जराशी;
शेवटी दाबली. सातबाऱ्यात ळ आहे,
सातबाऱ्याशी कोण भांडणार.

नंबर मात्र मी माझ्या फोनात घेतला,
त्या म्हणाल्या तसाच:
चिमनाबाय दिवाले.
फोनने काही दुरुस्ती सुचवली नाही.